रस्त्यावरच्या ट्रॅकवर पहिल्यांदा जाताना सेटअप कुठून सुरू करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्युनिअर फॉर्म्युला मालिकेत तुम्ही रेस इंजिनिअर आहात. कायमस्वरूपी सर्किटवर गाडीचा बेस सेटअप (गाडीची मूळ जुळणी) छान बसलाय. आता पहिल्यांदाच शहरातल्या रस्त्यांवर तात्पुरत्या उभारलेल्या ट्रॅकवर जायचंय. प्रॅक्टिसची दोनच सत्रं, मग क्वालिफाइंग (शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणारं सत्र), मग शर्यत. स्प्रिंग किती मऊ करायच्या, विंग (हवेच्या दाबाने गाडीला रस्त्यावर दाबणारा पंख) पूर्ण लावायची का आणि राइड हाइट (गाडीच्या तळाची रस्त्यापासूनची उंची) किती वाढवायची, हे तुम्ही विचारलंय.

या तिन्हींची उत्तरं देतो, पण तुमची खरी अडचण वेगळीच असणार आहे. शुक्रवारी सकाळच्या पहिल्या लॅपपासून रविवारपर्यंत ट्रॅक स्वतःच बदलत राहतो. तुम्ही स्प्रिंग बदललीत आणि गाडी एक सेकंदाने वेगवान झाली, तर तो सेकंद स्प्रिंगने दिला की रस्त्याने? हे ओळखता आलं नाही, तर पुढचा प्रत्येक निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो. रस्त्यावरच्या ट्रॅकवर नवखे इंजिनिअर जास्त फसतात ते इथे.

काय कशावर अवलंबून आहे ते आधी बघू. शहरी ट्रॅक म्हटला की सगळ्यांना मोनॅको आठवतं आणि 'पूर्ण विंग, मऊ स्प्रिंग' हे सूत्र तिथूनच आलंय. मोनॅकोला ते बरोबरच आहे. ३.३३७ किलोमीटरची लॅप, सरळ भाग तुटपुंजे, आणि फॉर्म्युला वनमधला सगळ्यात हळू कोपरा तिथलाच. पण अझरबैजानमधलं बाकूही शहरी ट्रॅकच आहे. तिथे जुन्या किल्ल्याजवळचा रस्ता जेमतेम साडेसात मीटर रुंद आहे आणि त्याच लॅपमध्ये दोन किलोमीटरहून लांब पट्टा पूर्ण थ्रॉटलवर जातो. तिथे पूर्ण विंग लावली तर किल्ल्यापाशी मिळवलेलं सगळं सरळ पट्ट्यावर परत जातं, आणि शर्यतीत मागची गाडी आरामात पुढे निघते. त्यामुळे विंगचं उत्तर तुमच्या ट्रॅकच्या नकाशात आहे. सगळ्यात लांब सरळ पट्टा किती, त्याच्या शेवटी जोरदार ब्रेकिंग आहे का, आणि त्या पट्ट्यावर येणारा कोपरा किती वेगाचा आहे, या तीन गोष्टी आधी लिहून काढा.

आयोजकांनाही दोन प्रश्न विचारा. रस्ता रात्री वाहतुकीला खुला होणार का? मोनॅकोत तो संध्याकाळी खुला होतो, म्हणजे दिवसभर बसलेल्या रबरावर रात्रभर गाड्या, धूळ आणि तेलाचे थेंब. आणि तुमच्या सत्राआधी ट्रॅकवर कोणती मालिका धावणार? वेगळ्या कंपनीच्या टायरचं रबर बसलं असेल, तर तुमच्या गाडीला पहिल्या काही लॅपमध्ये अनोळखी ग्रिप (टायरची रस्त्यावरची पकड) मिळते. मग ड्रायव्हर गाडीत बिघाड असल्यासारखं बोलतो, आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसता.

आता ट्रॅक बदलण्याबद्दल. हा रस्ता रोजच्या वापराचा असतो. वर धूळ, तेलाचा थर, झेब्रा क्रॉसिंगचा आणि दुभाजक रेषांचा रंग. पहिल्या सत्रात गाड्या फक्त रेसिंग लाइन साफ करत असतात, रबर त्यानंतर बसायला लागतं. लॅप टाइम अशा वेगाने खाली येतो की त्या सत्रात केलेला कुठलाही बदल यशस्वी वाटतो. अगदी चुकीचासुद्धा.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे बदल करून परत मूळ सेटअपवर येणं आणि दोन्ही टोकं तपासणं. दोन सत्रांत तेवढा वेळ बहुतेक मिळत नाही, म्हणून मी स्वतःच्या लॅप टाइमपेक्षा फरकाकडे बघतो. ज्यांचा वेग साधारण स्थिर असतो असे चार-पाच ड्रायव्हर निवडायचे आणि त्यांच्या सरासरीपासून आपण प्रत्येक रनमध्ये (पिटमधून निघून परत येईपर्यंतच्या फेऱ्यांत) किती दूर आहोत, तेवढंच नोंदवायचं. ते दोन सेकंदांनी सुधारले आणि आपण दीड सेकंदाने, तर आपण मागे पडलो, ड्रायव्हर रेडिओवर कितीही खूश असला तरी. तुमच्या संघात दोन गाड्या असतील, तर पहिल्या सत्रात एका गाडीला हात लावू नका. ती गाडी ट्रॅक मोजेल, दुसरी तुमचा बदल. हात न लावलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला हे आधी समजावून सांगावं लागतं, नाहीतर आपल्याकडे कोणी लक्षच देत नाही असं त्याला वाटतं. पुढच्या सत्रात भूमिका उलट करा, म्हणजे तक्रार राहत नाही.

डेटात लॅप टाइमच्या आधी दोन गोष्टी बघा: कोपऱ्यातला किमान वेग आणि त्या क्षणी स्टिअरिंग किती वळलेलं आहे. सगळ्याच कोपऱ्यांत किमान वेग वाढला आणि स्टिअरिंगचा कोन पूर्वीसारखाच राहिला, तर ती रस्त्याची देणगी. एकाच प्रकारच्या कोपऱ्यांत वेग वाढला आणि कोनही बदलला, तर तिथे तुमच्या बदलाचा हात असण्याची शक्यता जास्त.

ट्रॅक दरवेळी सुधारतोच असं मात्र गृहीत धरू नका. १९८४ मध्ये डॅलसला फॉर्म्युला वन गेली तेव्हा उन्हाच्या तडाख्याने डांबरच उखडायला लागलं. शर्यतीच्या सकाळचा वॉर्म-अप रद्द झाला आणि जिंकला तो केके रॉसबर्ग, ज्याने उखडलेल्या पट्ट्यांवरून गाडी सांभाळून आणली. शर्यतीसाठी नवीन डांबर टाकलेले तुकडे असतील तर पहिल्या दिवसानंतर पुन्हा जाऊन ते बघा. ब्रेकिंगच्या जागी आणि हेअरपिनमध्ये खडी सुटायला लागली असेल, तर रविवारी ड्रायव्हरला तिथे वेगळी लाइन लागेल.

सेटअपसाठी या सगळ्याचा अर्थ असा. शुक्रवारी सकाळी वळताना गाडीची मागची बाजू घसरत असेल (म्हणजे ओव्हरस्टिअर), तर तो दोष पूर्ण काढून टाकू नका. माझ्या अनुभवात ट्रॅकवर रबर बसत गेलं की बहुतेक गाड्या अंडरस्टिअरकडे (स्टिअरिंग वळवूनही पुढची बाजू पुरेशी न वळण्याकडे) सरकतात, कारण मागच्या रुंद टायरना वाढलेल्या ग्रिपचा फायदा जास्त मिळतो. सकाळच्या निसरड्या रस्त्यावर गाडी अगदी शांत केलीत, तर क्वालिफाइंगला तिचं नाक वळणार नाही, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ उरलेला नसेल. पण ड्रायव्हर घाबरेल इतकी मागून घसरणारी गाडीही नको, कारण भिंतीच्या कडेला ड्रायव्हरचा विश्वास गेला की तो पुढच्या सत्रापर्यंत परत येत नाही. म्हणून पहिल्या सत्रातला ओव्हरस्टिअर मी मुख्यतः पटकन मागे घेता येतील अशा गोष्टींनी आवरतो: मागचा अँटी-रोल बार (वळताना गाडी कलणं आवरणारा दांडा), टायर प्रेशर, ब्रेक बायस (पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधली ताकदीची वाटणी). स्प्रिंगला आणि जॉमेट्रीला (चाकांच्या कोनांना) हात लावत नाही. ट्रॅक सुधारला की बार पूर्वीच्या जागी आणला, झालं.

आता उंचवटे. रस्ता पाणी वाहून जाण्यासाठी मध्ये फुगीर असतो. दोन रस्ते मिळतात तिथे उतार बदलतात, आणि ते ठिकाण नेमकं ब्रेकिंगचं असतं. राइड हाइट वाढवावी लागते ती यासाठी. किती, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा थोडी जास्त उंच ठेवून सुरुवात करा आणि प्रत्येक रननंतर गाडीखालचा प्लँक (तळाला लावलेली, घासून झिजणारी फळी) मोजा. घासल्याच्या खुणा कुठे आहेत, पुढे की मागे, यावरून कुठली बाजू खाली आणायला वाव आहे ते कळतं. उंचीपासून खाली येताना गाडीचं नुकसान होत नाही. उलट दिशेने गेलात तर फ्लोअर, प्लँक आणि ड्रायव्हरची पाठ हे तिन्ही धडे देतात. फॉर्म्युला वनमध्ये प्लँक १० मिलिमीटरचा असतो आणि शर्यतीअखेर ९ मिलिमीटरपेक्षा पातळ झालेला चालत नाही. २०२५ मध्ये लास वेगासच्या रस्त्यांवर नॉरिस दुसरा आणि पियास्त्री चौथा आला होता, आणि मॅक्लारेनच्या या दोन्ही गाड्या याच कारणाने बाद झाल्या. एवढी साधनं हाताशी असलेल्या संघाचा अंदाज चुकतो, तर दोन सत्रांच्या भरवशावर आपण शेवटच्या मिलिमीटरपर्यंत जाऊ नये. तुमच्या मालिकेचा नियम वेगळा असेल. तो स्क्रूटिनिअरकडून (गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडून) गाडी ट्रॅकवर जाण्याआधी समजून घ्या.

स्प्रिंगपेक्षा डॅम्परकडे (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या भागाकडे) जास्त लक्ष द्या, बदलायची परवानगी असेल तर. डॅम्परच्या बाबतीत 'हाय स्पीड' म्हणजे पिस्टनचा वेग, गाडीचा नव्हे. ८० किलोमीटर वेगाने तीक्ष्ण उंचवटा लागला तरी पिस्टन झपकन हलतो. मी हाय स्पीड बंप (डॅम्पर झपकन दबताना होणारा विरोध) मऊ करतो, म्हणजे चाक उंचवट्यावरून जाताना गाडीला वर फेकत नाही. लो स्पीडची सेटिंग मात्र बेसच्या जवळच ठेवतो, म्हणजे ब्रेक लावताना आणि वळताना गाडी सैल होत नाही. सगळंच मऊ करून टाकलं तर गाडी उंचवटे छान गिळते, पण एका बाजूचं वळण संपून लगेच दुसऱ्या बाजूला वळायचं असतं तिथे ती उशिरा उत्तर देते, आणि शहरी ट्रॅकवर असे जोडकोपरे भरपूर असतात. डॅम्पर सीलबंद असतील, तर एक टप्पा मऊ स्प्रिंग आणि थोडी जास्त उंची यावर भागवा. एकच टप्पा. हेअरपिन असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढचं चाक विशबोनला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याला) किंवा बॉडीवर्कला लागत नाही ना, हे वर्कशॉपमध्येच बघा. मोनॅकोच्या हेअरपिनसाठी फॉर्म्युला वनचे संघ पुढच्या सस्पेन्शनमध्ये खास बदल करतात. हेअरपिनवर गाडी वळलीच नाही, तर मागे आख्खी रांग अडकते.

ट्रॅक वॉक हे शहरी ट्रॅकवरचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम आहे, आणि तेच गप्पा मारत उरकलं जातं याचं मला वाईट वाटतं. दोनदा चाला. एकदा ड्रायव्हरबरोबर, एकदा एकट्याने, शक्य असेल तर सत्राच्या वेळीच, म्हणजे इमारतींची सावली कुठे पडते तेही दिसेल. रंगाचे पट्टे, डांबर आणि काँक्रीटचे सांधे, पाणी साचण्याच्या जागा टिपून ठेवा. मॅनहोलची आणि गटाराची झाकणं विशेष बघा. गाडीखालचा कमी दाब ती वर खेचतो, म्हणून ती वेल्डिंगने किंवा भरावाने पक्की करावी लागतात. २०१९ मध्ये बाकूच्या पहिल्याच सत्रात रसेलच्या विल्यम्सने सुटलेलं झाकण उडवलं आणि सत्र तिथेच संपलं. २०२३ मध्ये लास वेगासला सुरुवातीच्या काही मिनिटांतच पाण्याच्या व्हॉल्व्हचं आवरण उसळून साइन्झच्या फेरारीखाली लागलं, गाडीचं मोठं नुकसान झालं आणि बॅटरी बदलावी लागल्यामुळे त्यालाच ग्रिडवर (शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेत) १० जागा मागे जाण्याची शिक्षा मिळाली.

भिंतींकडेही बघा. काँक्रीटच्या ठोकळ्यांचे सांधे एका रेषेत आहेत का, कुठे एखादी कड ट्रॅककडे पुढे आली आहे का. १९७५ मध्ये बार्सिलोनाच्या मॉन्टजुइक पार्कमध्ये बॅरिअरचे बोल्ट नीट आवळलेले नाहीत हे ड्रायव्हरांनीच पाहिलं. आधी सरावाला उतरायला त्यांनी नकार दिला, आणि एमर्सन फिटिपाल्डीने शेवटी शर्यत सोडली. त्या शर्यतीत श्टोमेलेनच्या गाडीची मागची विंग तुटून गाडी बॅरिअरपलीकडे गेली आणि ट्रॅकबाजूची माणसं मेली. तेव्हापासून नियम आणि तपासणी खूप बदलली आहे. तरी तुम्हाला काही संशयास्पद दिसलं, तर फोटो काढून रेस डायरेक्टरकडे द्या. ते संघाच्या कामाबाहेरचं नाही.

ड्रायव्हरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण दोन सत्रांत तुम्हाला मिळणारा बहुतेक वेळ सेटअपमधून येणार नाही. तो ड्रायव्हरच्या लॅपमधून येणार आहे. कायमस्वरूपी सर्किटवर ड्रायव्हर मर्यादा ओलांडून मग मागे येतो, रनऑफ (ट्रॅकबाहेरची मोकळी जागा) त्याला माफ करतो. इथे त्याला खालून वर जावं लागतं. म्हणून पहिल्या सत्रात मी लॅप टाइमचं लक्ष्य देतच नाही. गाडी पिटमध्ये परत परत बोलावत नाही. ब्रेकिंगच्या जागा प्रत्येक रनमध्ये थोड्या पुढे न्यायच्या, आणि कोपऱ्यातून बाहेर पडताना भिंतीपासूनचं अंतर हळूहळू कमी करायचं, एवढीच योजना.

बाहेरच्या भिंतीची भीती सगळ्यांना असते, पण ड्रायव्हरला आतल्या भिंतीबद्दल बजावा. बाहेरच्या भिंतीला टायरची कड घासून गाडी बऱ्याचदा पुढे जाते. आत पुढचं चाक लागलं तर ट्रॅक रॉड (स्टिअरिंगने चाक वळवणारा दांडा) वाकतो, स्टिअरिंग हातात राहत नाही आणि गाडी सरळ समोरच्या भिंतीकडे जाते. २०२३ मध्ये सिंगापूरला रसेल शेवटच्या लॅपवर तिसरा होता. पुढे असलेल्या नॉरिसने ज्या भिंतीला हलकासा स्पर्श केला तिथेच रसेलचं चाक लागलं, आणि त्याची शर्यत बॅरिअरमध्ये संपली. जवळपास दोन तास रस्त्यावरची शर्यत चालवून थकलेल्या डोळ्यांना काही सेंटिमीटरचा फरक दिसत नाही. शर्यतीच्या शेवटी ड्रायव्हर कितीही चांगल्या लयीत असला तरी आतली कड थोडी लांब ठेव, हे मी रेडिओवर आठवण म्हणून सांगतो.

क्वालिफाइंगचं महत्त्व तुम्हाला माहीत आहेच. २०२४ मध्ये मोनॅकोला पहिल्या दहा जणांनी ज्या क्रमाने सुरुवात केली, त्याच क्रमाने शर्यत संपवली. पण त्यातून ड्रायव्हरवर दडपण टाकण्याऐवजी योजना नीट करा. साधा हिशोब बघा: मोनॅकोएवढ्या लांबीच्या ट्रॅकवर २० गाड्या एकदम बाहेर आल्या, तर दोन गाड्यांमध्ये सरासरी १६७ मीटर उरतात. मोकळी लॅप मिळणं ही नशिबाची गोष्ट ठेवू नका. बाहेर जाण्याची वेळ निवडा, आणि पुढच्या गाडीपासून किती अंतर सोडायचं ते ड्रायव्हरला आकड्यात सांगा. ट्रॅक सुधारतोय म्हणून सगळे शेवटच्या मिनिटाची वाट बघतात, आणि त्याच मिनिटात कोणीतरी भिंतीत जाऊन पिवळा किंवा लाल झेंडा येतो. एक सुरक्षित, पूर्ण लॅप लवकर नोंदवा. जोखीम त्यानंतर.

क्वालिफाइंग बिघडलं तरी शर्यतीची आशा सोडू नका. १९८३ मध्ये लाँग बीचच्या रस्त्यांवर जॉन वॉटसन बाविसाव्या क्रमांकावरून सुरुवात करून जिंकला. फॉर्म्युला वनमध्ये इतक्या मागून कोणी जिंकलेलं नाही. तेविसावा निकी लाउडा दुसरा आला. दोघेही मॅक्लारेनचे. क्वालिफाइंगच्या एक-दोन लॅपमध्ये त्यांचे मिशेलिन टायर तापतच नव्हते, शर्यतीत ते कामाला लागले. तुमच्या ड्रायव्हरने ग्रिप नसल्याची तक्रार केली, तर सेटअप उलटापालटा करण्याआधी टायरचं तापमान बघा. दोन वॉर्म-अप लॅपऐवजी तीन लागत असतील.

शर्यतीत सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना आपल्या मागे हळू नेणारी गाडी) येणार असं धरूनच चाला. पिट स्टॉप असेल तर तुमच्या मालिकेचा नियम शब्दशः वाचा, कारण सगळीकडे तो सारखा नसतो. फॉर्म्युला वनमध्ये सेफ्टी कार आली की पिट लेन सहसा उघडीच असते. इंडीकार या अमेरिकी मालिकेत पूर्ण ट्रॅकवर पिवळा झेंडा लागला की ती आधी बंद होते, त्यामुळे तिथे पिवळा झेंडा येण्याआधी थांबून घेण्याला महत्त्व आहे. पिट स्टॉप नसेल तर सगळा खेळ रिस्टार्टचा. सेफ्टी कारमागे पुढचे टायर आणि ब्रेक गार होतात, म्हणून ड्रायव्हर ब्रेक बायस पुढे सरकवून ते तापवतात. तो परत मागे आणण्याची आठवण तुमच्याकडून गेली पाहिजे, वेळेवर. २०२१ मध्ये बाकूला शेवटच्या दोन लॅपच्या रिस्टार्टला हॅमिल्टनच्या हाताने ब्रेक तापवण्याचं बटण चुकून दाबलं गेलं, पहिल्या कोपऱ्याला पुढची चाकं लॉक झाली आणि तो पंधरावा आला.

राहिले स्पेअर पार्ट. पुढच्या विंग, नाकाचे भाग, ट्रॅक रॉड, मागच्या टो लिंक (मागच्या चाकांची दिशा धरणारे दांडे), विशबोन आणि रिम नेहमीपेक्षा जास्त घ्या. भिंतीला हलका स्पर्श झाला आणि गाडी सरळ धावतेय असं ड्रायव्हर म्हणाला, तरी ती जॅकवर घ्या, टो (चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) मोजा आणि धडक लागली त्याच्या विरुद्ध बाजूचे भागही उघडून बघा. २०२१ मध्ये मोनॅकोला पोल (सगळ्यात पुढची सुरुवातीची जागा) मिळवलेल्या लेक्लेअरची गाडी क्वालिफाइंगच्या शेवटी उजव्या बाजूने भिंतीला लागली होती. फेरारीने गिअरबॉक्स तपासून ठीक असल्याचं सांगितलं. रविवारी ग्रिडकडे जाताना निकामी झाला तो डाव्या बाजूचा ड्राइव्हशाफ्टचा (चाकाला इंजिनची ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) हब, आणि पोलची जागा शर्यत सुरू होताना रिकामी होती. म्हणून क्वालिफाइंग आणि शर्यत यांच्या मधल्या वेळेत डाव्या-उजव्या दोन्ही हबची, ड्राइव्हशाफ्टची आणि टो लिंकची तपासणी वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा, धडक झालेली असो वा नसो.